पिनोशेच्या काळात चिलीतली साधी माणसं रोज कशी जगत होती?

रात्रपाळी

गेले काही दिवस रात्री जागून चिलीबद्दल वाचतोय. तारखा पाठ झाल्यात. 11 सप्टेंबर 1973ला लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या 'ला मोनेदा' प्रासादावर विमानांतून रॉकेटं डागली, राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे आतच मरण पावले, आणि मार्च 1990पर्यंत सत्ता जनरल पिनोशेंची. तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा गायब झाली. छळ सोसलेल्यांचा सरकारी आयोगांनी मान्य केलेला आकडा अडतीस हजारांच्या वर.

माझी अडचण वेगळीच आहे. त्याच वर्षांतले फोटो बघा. लोक समुद्रावर पोहतायत, पोरं गणवेशात शाळेला चालली आहेत, शनिवारी घरंच्या घरं टीव्हीसमोर. ही दोन चित्रं एका देशात काही केल्या बसत नाहीत. लग्नं होत होती का? शेजाऱ्याला रात्री उचलून नेलं तर सकाळी पावाच्या रांगेत लोक एकमेकांशी काय बोलत होते? मुळात त्यांना माहीत होतं का?

पुस्तकांची यादी नको, ती माझ्याकडे आहे. कुणी तिथं राहिलं असेल तर लिहा.

सरळसोट

एवढं अवघड नाही हो ते. जे राजकारणात नव्हते त्यांचं सुरळीत चाललं होतं. आयेंदेच्या काळात तेलासाठी, पावासाठी रांगा लागत होत्या, महागाईने कंबरडं मोडलं होतं. लष्कर आलं आणि दुकानं भरली. आज चिली त्या खंडात पुढे दिसतो तो त्याच पायावर. क्रौर्य झालं, ते कुणी नाकारत नाही. पण जो आपल्या कामाशी काम ठेवून होता त्याला काहीही झालं नाही.

सांतियागोची_सून

रात्रपाळी, मी 2013पासून सांतियागोत आहे. नवरा इथलाच. सरळसोट यांचं शेवटचं वाक्य मी जवळजवळ दर रविवारी जेवताना ऐकते, माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून, शब्दसुद्धा साधारण हेच. आणि ते वाक्य आलं की सासूबाई उठून ताटल्या गोळा करायला लागतात. समोरच्याचं जेवण झालेलं असो वा नसो.

सासूबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. (इथं सासूला सरळ नावाने हाक मारतात. मला अजून जमलेलं नाही, त्यामुळे मी त्यांना काहीच म्हणत नाही, नुसती समोर जाऊन उभी राहते.) घर न्युन्योआ भागात, एस्तादिओ नासिओनाल या मोठ्या स्टेडियमपासून चार-पाच गल्ल्यांवर. पहिली सहा वर्षं मला वाटायचं की त्यांना त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नसावं. विचारलं की म्हणायच्या, "आम्ही काम करत होतो. मुलं लहान होती."

मग ऑक्टोबर 2019 आला. मेट्रोचं तिकीट तीस पेसोंनी वाढलं, पोरांनी फाटकांवरून उड्या मारल्या, स्टेशनं पेटली, आणि 19 तारखेला रात्री दहापासून संचारबंदी लागली. रस्त्यावर लष्कर. मला गंमत वाटत होती असं नाही, पण बाहेर लोक पातेली बडवत होते आणि मला बाल्कनीत जाऊन बघायचं होतं. सासूबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. एवढ्या जोरात की दुसऱ्या दिवशी वळ होता. तोवर त्यांनी न बोलता सगळं उरकलं होतं: बाथटब पाण्याने भरलेला, मोठी पातेली भरलेली, पडदे बंद, माझ्या मुलीचा पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलेला. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईने तो लाकडी पलंग एकटीने सरकवला होता. आम्ही सगळे घरातल्या बोळात जमिनीवर बसलो, कारण बोळाला खिडकी नाही. तिथं त्या बोलल्या. पुढे तीन-चार रात्री बोलत राहिल्या, आणि संचारबंदी उठल्यावर परत गप्प झाल्या. खाली लिहिते आहे ते त्या रात्रींचं.

सप्टेंबर 73मध्ये त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. दिवसभर रेडिओवर लष्करी बँड आणि मध्ये मध्ये फर्मानं. 11 तारखेला दुपारीच संचारबंदी लागली, मग दीड-दोन दिवस कुणी दाराबाहेर नाही. त्या वेळात त्यांनी आणि सासऱ्यांनी पुस्तकांचं कपाट रिकामं करायला घेतलं. सैनिक घरोघर झडत्या घेत होते, सापडलेली पुस्तकं रस्त्यात ढीग करून जाळत होते. आता घरच्या घरी पुस्तक नाहीसं कसं करायचं? जाळलं तर धूर दिसणार. म्हणून पानं फाडायची, पाण्यात भिजवायची आणि थोडी थोडी संडासात सोडायची. दुसऱ्या दिवशी संडास तुंबला. नळवाल्याला बोलवायची सोय नाही, कारण त्याने काठी घातली असती तर काय बाहेर आलं असतं? सासऱ्यांनी कोपरापर्यंत हात घालून स्वतः काढलं. बोळात हे सांगताना त्या हसत होत्या. हसणं थांबेना म्हणून नवऱ्याने त्यांना पाणी दिलं.

आता स्टेडियम. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत ते कैद्यांनी भरलेलं होतं, हजारो माणसं. पुरुष गॅलरीखालच्या खोल्यांत आणि बोगद्यांत, बायका पोहण्याच्या तलावाजवळच्या कपडे बदलायच्या खोल्यांत, चौकशा सायकल-शर्यतीच्या मैदानाकडे. बाहेर आव्हेनिदा ग्रेसिया या रस्त्यावर, जाळीला चिकटून, बायका उभ्या असायच्या. आया, बायका, बहिणी. हातात स्वेटर, खाण्याच्या पुड्या. फाटकावर पुडकं घेतलं तर समजायचं, माणूस आत आहे. परत केलं तर कळायचं नाही की सुटला, की हलवला, की काय.

सासूबाईंची शाळेची बस त्याच रस्त्याने जायची. जाताना स्टेडियम उजव्या हाताला. त्या म्हणाल्या, "अख्खी बस डावीकडे बघायची. उभे असलेले लोकसुद्धा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं." रात्रपाळी, माहीत होतं का, असं तुम्ही विचारलंत. मान कुठल्या बाजूला वळवायची नाही, एवढं तरी सगळ्यांना माहीत होतं.

त्याच मैदानावर 21 नोव्हेंबरला विश्वचषक पात्रतेचा सामना लावला होता, चिली विरुद्ध सोव्हिएत संघ. सोव्हिएत संघाने तिथं खेळायला नकार दिला. तरी चिलीचा संघ उतरला, समोर कुणी नसताना चेंडू पुढे ढकलत नेला आणि रिकाम्या गोलमध्ये मारला. मग प्रेक्षकांनी पैसे दिलेत म्हणून ब्राझीलच्या सांतोस क्लबशी एक मैत्रीचा सामना. तो चिली 5-0 हरला. माझे सासरे तो बघायला गेले होते. कामाशी काम ठेवणारा माणूस, कारखान्यात हिशेबनीस, फुटबॉलचं वेड. घरी आले, जेवले नाहीत आणि नंतर कधी त्या स्टेडियममध्ये सामना बघायला गेले नाहीत. त्यांनी आत काय पाहिलं किंवा कशाचा वास आला, ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही आणि बायकोने विचारलं नाही. सतराएक वर्षं घराघरांतली रीत हीच होती: विचारायचं नाही.

लग्नं? होत होती, पण दिवसाढवळ्या. आणि तरुणांच्या पार्ट्यांना तर नावच होतं, 'दे तोके आ तोके', म्हणजे संचारबंदी लागल्यापासून संचारबंदी उठेपर्यंत. रात्री घरी परतायची सोयच नाही, मग पहाटेपर्यंत नाचायचं, खुर्चीवर झोपायचं, पहिल्या बसने घरी जायचं. तेव्हा तुम्ही पाहिलेला नाचाचा फोटो खरा आहे. दार बंद होतं म्हणून रात्रभर नाचत होते.

पावाच्या रांगेत हवेबद्दल बोलायचे. थंडी फार आहे यंदा. खबऱ्याला इथं 'सापो' म्हणतात, बेडूक. रांगेत बेडूक कोण ते ओळखता येत नसल्यामुळे सगळे सगळ्यांशी हवेबद्दलच बोलायचे.

उरलेलं उद्या लिहिते, मुलीला शाळेतून आणायचं आहे.

भटकी_चप्पल

सून ताई, लिहीत राहा. मी दोन वर्षांपूर्वी सांतियागोला गेले होते तेव्हाचं थोडं मध्येच.

शहराच्या अगदी मध्यात लोंद्रेस नावाची गल्ली आहे, दगडी फरशीची, दोन्ही बाजूंना जुनी देखणी घरं, फोटो काढायला गर्दी. त्यातलं 38 नंबरचं घर म्हणजे दिना या गुप्त पोलिसांचा छळाचा अड्डा होता. पकडलेल्यांचे डोळे बांधलेले असायचे. पण पट्टीखालच्या फटीतून पायाखालच्या काळ्या-पांढऱ्या फरश्या दिसायच्या, आणि बाजूच्या सान फ्रान्सिस्को चर्चची घंटा ऐकू यायची. सुटलेल्यांनी त्या दोन खुणांवरून घर शोधून काढलं. पुढे घराचा नंबर बदलून 40 केला, की 38 नंबर नावाचं काही उरूच नये. आता समोरच्या रस्त्यावर फरश्यांमध्ये नावांच्या पाट्या बसवल्या आहेत, नावापुढे वय. वीस, बावीस, चोवीस. मी कॉफीचा कप हातात घेऊन चालत होते, एकदम लक्षात आलं की नावावर पाय आहे.

मुद्दा असा की हे जंगलात नव्हतं. खिडकीला खिडकी लागून माणसं राहत होती.

ताळेबंद

सरळसोट, रांगा आणि महागाई तुम्ही म्हणता ते खरं आहे. 1973ची महागाई 500 टक्क्यांच्या वर होती. पण पुढचं पान उलटत नाही आपण. ऑक्टोबर 73मध्ये किमती मोकळ्या सोडल्या म्हणून दुकानं भरली. भरलेल्या दुकानातून घ्यायला पगार पुरत नव्हता. पुढच्या वर्षीही महागाई 300 टक्क्यांच्या वरच. 1975मध्ये अर्थव्यवस्था दहा टक्क्यांहून जास्त आकसली, मग काही वर्षं तेजी, आणि 1982मध्ये पुन्हा तशीच आपटली. बाजारावर सोडून देणाऱ्याच सरकारला 1983मध्ये बुडत्या बँका हातात घ्याव्या लागल्या. वस्त्यांमध्ये सामाईक चुली पेटल्या, 'ओयास कोमुनेस', दहा-वीस घरांचं एका पातेल्यात. 1987च्या सरकारी पाहणीत 45 टक्के लोक गरीब निघाले. 2000पर्यंत ते प्रमाण वीसेक टक्क्यांवर आलं, पण ते लोकशाही परतल्यानंतर.

तांब्याच्या मोठ्या खाणी, ज्यांच्यावर तो देश चालतो, त्या 1971मध्ये आयेंदेंनी राष्ट्रीय केल्या होत्या. पिनोशेंनी त्या परत केल्या नाहीत. उत्पन्नातला वाटा थेट लष्कराला जायचा, मग कशाला करतील. आणि 1981मध्ये पेन्शन खाजगी कंपन्यांच्या खात्यांत घातली. लष्कराची सोडून. त्यांनी स्वतःला जुनीच ठेवली. या एका गोष्टीवरून मला त्या योजनेबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्या अहवालावरून कळलं नाही.

सरळसोट

आकडे मान्य. पेन्शनचं ठाऊक नव्हतं. पण पिनोशे पुढे राहावेत का, 'हो' की 'नाही', या 1988च्या खुल्या मतदानात 44 टक्के लोकांनी त्याच माणसाला कौल दिला ना? ते सगळे मूर्ख होते का?

रात्रपाळी

मूर्ख होते असं मीही म्हणणार नाही. सून ताई, शाळेबद्दल काही सांगितलं का त्यांनी? शिक्षिका होत्या म्हणालात.

सांतियागोची_सून

सांगितलं. शेवटच्या रात्री.

शाळांवर लष्कराची देखरेख होती. सोमवारी सकाळी झेंडा आणि राष्ट्रगीत. राष्ट्रगीतात एक जास्तीचं कडवं सक्तीचं केलं होतं, शूर सैनिकांचं. ते कडवं आलं की काही शिक्षिका नुसते ओठ हलवायच्या. मुलं गात असायची, त्यामुळे खपून जायचं. सासूबाई म्हणतात, माझं सगळं बंड तेवढंच, ओठांचं.

1975 असावं. तिसरीत एक मुलगा होता. वडील काही महिने दिसले नव्हते. मुलगा म्हणायचा, बाबा कामासाठी उत्तरेला गेलेत, खाणीवर. वर्गातल्या आणखी एका मुलीचे बाबाही उत्तरेलाच गेले होते. एकदा 'माझं कुटुंब' हा निबंध दिला. त्याने लिहिलं, "माझे बाबा सुतार होते." मग 'होते' खोडून 'आहेत' केलं. खोडरबरने घासून घासून कागदाला भोक पडलं होतं. सासूबाईंनी वही तपासली. शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनने दुरुस्त केल्या, त्या वाक्याला हात लावला नाही, सातपैकी सहा गुण दिले आणि वही परत केली. त्याची आई रोज फाटकाशी न्यायला यायची. तिला त्या "नमस्कार" म्हणायच्या आणि थंडीबद्दल बोलायच्या. वर्षाअखेर मुलाने शाळा बदलली.

एवढंच. त्यांना कुणी मारलं नाही, नोकरी गेली नाही. सरळसोट म्हणतात तसं, काहीही झालं नाही.

44 टक्क्यांबद्दल. त्या 44 टक्क्यांपैकी एक माझ्या घरात आहेत, म्हणजे दीर. अठरा वर्षांचे झाले होते, आयुष्यातलं पहिलं मत. ते मूर्ख नाहीत, आणि वाईट तर मुळीच नाहीत. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला तेच घेऊन गेले, मी नाही. पण ते लहानाचे मोठे झाले ते "विचारायचं नाही"च्या घरात. रांगांच्या गोष्टी त्यांना सांगितल्या गेल्या, कारण त्या सांगण्यासारख्या होत्या. बसच्या खिडकीची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती 2019मध्ये, बोळात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. रविवारचं वाक्य त्यानंतरही चालू आहे, पण आता ते बोलताना आईकडे बघत नाहीत.

आणि "खुल्या मतदानात" म्हणताना जरा हळू. 1974मध्ये मतदारयाद्याच नष्ट केल्या होत्या, त्या 1987मध्ये नव्याने उघडल्या. 'नाही'वाल्यांना टीव्हीवर रात्री उशिराची पंधरा मिनिटं मिळायची, तीही शेवटचे काही आठवडे. त्याआधीची पंधरा वर्षं पडदा एकट्याचाच होता. तरी 56 टक्के 'नाही' आले.

पातेल्यांचंही ऐका, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. रिकामी पातेली बडवत मोर्चा काढायची ही तऱ्हा 1971च्या डिसेंबरात आयेंदेंच्या विरोधात गाजली, आणि त्यात माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण होती. तेच हत्यार 11 मे 1983ला पिनोशेंवर उलटलं. तांब्याच्या खाणकामगारांच्या संघटनेने हाक दिली होती, रात्री आठची वेळ. सासूबाईंनी स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि ओट्याखाली, जमिनीवर बसून लाकडी डावाने पातेलं वाजवलं. खिडकीतून दिसू नये म्हणून. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं की भिंतीपलीकडची शेजारीणही वाजवते आहे. दुसऱ्या दिवशी दोघी रांगेत भेटल्या तेव्हा हवेबद्दलच बोलल्या, पण शेजारणीने त्यांचा नंबर धरून ठेवला होता.

5 ऑक्टोबर 1988ला त्यांनी 'नाही' मत दिलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही. रात्री उशिरापर्यंत सरकार निकाल दाबून होतं. मग हवाई दलाचे जनरल मातेई ला मोनेदाच्या दारात पत्रकारांना म्हणाले की 'नाही' जिंकलेलं दिसतंय. स्वतः सत्ताधारी मंडळातला माणूस. रेडिओ अगदी हळू लावलेला. सासऱ्यांनी उठून तो मोठा केला. सासूबाईंना त्या हालचालीवरून कळलं की त्यांनीही 'नाही'च दिलंय. बोलले तेव्हाही काही नाही.

सासरे 2006च्या जूनमध्ये गेले, पिनोशेंच्या सहा महिने आधी. ते राहून गेलं, असं सासूबाई म्हणतात.

अजून एक सांगते आणि थांबते. 25 ऑक्टोबर 2020ला पिनोशेंच्या 1980च्या राज्यघटनेच्या जागी नवी हवी का, यावर मतदान होतं. परदेशी माणसाला तेव्हा इथं पाच वर्षांनी मत मिळायचं, त्यामुळे मलाही होतं. आमचं केंद्र एस्तादिओ नासिओनाल. साथीचे दिवस, तोंडाला मास्क, प्रत्येकाने आपलं निळं पेन घरून आणायचं. दुपारी दोन ते पाच म्हाताऱ्यांसाठी राखलेली, म्हणून मी सासूबाईंबरोबर तेव्हाच गेले. त्या स्टेडियमच्या गॅलरीत आठव्या दाराजवळ जुने लाकडी बाक तसेच ठेवले आहेत, कैदी बसायचे ते. बाकी सगळीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी विचारलं, बघायचेत का. त्या म्हणाल्या, मत देऊ आधी.

मत दिलं. नंतर तिकडे गेलो नाही. 78 टक्के 'हो' आले. पुढे तयार झालेली घटना 2022मध्ये लोकांनीच फेटाळली, तो वेगळा धागा होईल.

परत येताना टॅक्सी मिळेना म्हणून बस घेतली. त्या स्टेडियमच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. मास्क होता, चेहरा दिसत नव्हता, आणि मी विचारलं नाही. मलाही आता इथली सवय लागली आहे.

निबंधवाल्या त्या मुलाचं नाव आणि आडनाव सासूबाईंना आठवतं. स्मृती-संग्रहालयात गायब झालेल्यांच्या फोटोंची उंच भिंत आहे, तिथं जाऊन वडील शोधता येतील, असं मी एकदा सुचवलं. म्हणाल्या, "बघू. थंडी कमी झाली की जाऊ."